महूच्या बँडमधला पोरगा, मराठा पलटणीचा गोलकीपर : शंकर लक्ष्मण यांची गोष्ट

भारतीय हॉकीतली मोठी नावं सांगा म्हटलं की आपण ध्यानचंद, बलबीर सिंग, धनराज पिल्ले अशी यादी सुरू करतो. ही सगळी फॉरवर्डची माणसं, गोल करणारी. गोल करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं आणि लोकांच्या तोंडी राहतं. गोल वाचवणाऱ्याचं तसं होत नाही. त्याने पूर्ण मॅचभर नीट काम केलं तर स्कोअरबोर्डवर त्याच्या नावापुढे काहीच दिसत नाही, आणि एकदाच चुकला तर ती चूक आयुष्यभर लोकांच्या लक्षात राहते.

शंकर लक्ष्मण हे अशाच न दिसणाऱ्या कामातलं भारताचं सगळ्यात मोठं नाव. लागोपाठ तीन ऑलिम्पिक फायनल ते गोलमध्ये उभे होते. १९५६ मेलबर्न, १९६० रोम आणि १९६४ टोकियो. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. या तीन फायनलमध्ये मिळून भारतावर किती गोल झाले? फक्त एक. तो एक गोल रोमला झाला आणि सुवर्ण गेलं. बाकी दोन्ही वेळा भारताने एकच गोल केला आणि मागे काही जाऊ दिलं नाही, म्हणून सुवर्ण आलं.

इंदूरकर आणि महूकर मंडळींना हे नाव ठाऊक आहे. बेळगावातल्या किती जणांना माहीत आहे की हा माणूस आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा होता? म्हणून आज त्यांची गोष्ट. आणि गोष्टीसोबत एक प्रश्नही. मागे खेळणाऱ्या पोराची पारख करायची कशी? तो पुढे जाईल की नाही, हे कोणाला आणि कशावरून कळतं?

कोदरियाचा फुटबॉल कप्तान

शंकर लक्ष्मण यांचा जन्म ७ जुलै १९३३ चा, महूचा. इंदूरपासून जवळची ही लष्करी छावणी. बाबासाहेबांचं जन्मगाव म्हणून आज तिचं नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, पण जुनी माणसं अजून महूच म्हणतात. छावणीचं गाव म्हटल्यावर मैदानं आली, परेड आली, बँड आला आणि हॉकीही आली. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, त्या संघाचे कप्तान किशनलाल महूचेच. म्हणजे हॉकीची हवा त्या गावात आधीपासून होती.

तरी गंमत बघा, शंकर यांचा पहिला खेळ हॉकी नव्हता. महूजवळच्या कोदरिया गावच्या टीममध्ये ते फुटबॉल खेळायचे आणि त्या टीमचे कप्तानही होते. १९४७ साली, वय जेमतेम चौदा, ते सैन्यात दाखल झाले. तेही जवान म्हणून नाही, बँडमध्ये वादक म्हणून. पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पाचव्या बटालियनमध्ये ते आले आणि तिथे हॉकीकडे वळले.

आता हा पोरगा कोणी निवडीला आणून उभा केला असता तर आजच्या भाषेत त्याचं प्रगतिपुस्तक कसं दिसलं असतं? हॉकीचा अनुभव कमी. खेळ मूळचा दुसरा. नोकरी बँडमधली. सुरुवात उशिराची. असल्या कागदावर कोणी सही केली नसती. आजही शाळा-कॉलेजच्या निवडीत आपण हेच करतो. कधीपासून खेळतोय, कुठल्या टूर्नामेंट खेळलाय, किती गोल मारलेत, एवढं विचारतो आणि पुढच्या पोराला बोलावतो.

पलटणीत मात्र पोराला रोज बघणारी माणसं होती. पलटणीच्या मैदानावर खेळाडू एका दिवसाच्या ट्रायलपुरता येत नाही. पाऊस असो, ऊन असो, तो तिथेच असतो. हरल्यावर कसा वागतो, मार लागल्यावर परत उभा राहतो का, दुसऱ्या दिवशी वेळेवर येतो का, हे सगळं दिसतं. बचावातल्या खेळाडूची पारख अशा रोजच्या बघण्यातूनच होते. एका मॅचवरून ती होत नाही, कारण एका मॅचमध्ये त्याच्याकडे बॉलच आला नाही असंही होऊ शकतं.

त्या काळचा गोलकीपर म्हणजे काय

आजचा गोलकीपर टीव्हीवर बघितलेल्या पोरांना त्या काळची कल्पना यायची नाही. आज डोक्याला हेल्मेट, तोंडापुढे जाळी, छातीला गार्ड, पायाला फोमचे जाड पॅड. लक्ष्मण यांच्या काळात पायाला पॅड, बुटांवर किकर आणि हातात ग्लोव्ह, एवढंच. तोंड उघडं, छाती उघडी. हॉकीचा बॉल दगडासारखा टणक, वजन साधारण १६० ग्रॅम. गोल १२ फूट रुंद आणि ७ फूट उंच. आणि समोरून पाच-सहा हातांवरून कोणीतरी पूर्ण ताकदीने स्टिक फिरवतोय.

मैदान गवताचं. कृत्रिम टर्फ ऑलिम्पिकमध्ये आलं ते १९७६ साली, माँट्रियलला. गवतावर बॉल सरळ येईलच असं नाही. एखाद्या खळग्यावर आपटून उसळतो, ओल्या जागेवर थबकतो. फटका बघून आधीच झेप टाकणारा कीपर गवतावर फसायचा. शेवटपर्यंत बॉलवर नजर ठेवून, पाय जमिनीला टेकलेले ठेवून थांबावं लागायचं.

त्या वेळची रचनाही वेगळी होती. पुढे पाच फॉरवर्ड, मधे तीन हाफ, मागे दोन फुलबॅक आणि शेवटी कीपर. मागे माणसं कमी म्हणजे कीपरवरचा भार जास्त. आजच्यासारखा मागे चार-पाच जणांचा पहारा नव्हता. फुलबॅकला चकवून समोरचा आत आला की मग तो आणि कीपर, दोघंच.

इथे फुटबॉल कामाला आला असणार. हॉकीच्या कीपरचं अर्धं काम पायांचं असतं. आलेला बॉल पॅडवर घ्यायचा, तो समोर उसळू न देता जागीच मारायचा, आणि लगेच पायाने बाजूला काढून टाकायचा. मधे काढला तर समोरचा परत मारणार. लहानपणापासून फुटबॉल खेळलेल्या पोराला तोल सांभाळून दोन्ही पायांनी मारायची सवय असते. कुठल्या बाजूने धोका येतोय याचा अंदाज असतो. कागदावर जी उणीव वाटत होती, ती मैदानावर शिदोरी ठरली.

हे आजही घडतं. केरळचा पी. आर. श्रीजेश शाळेत असताना गोळाफेक, लांब उडी, व्हॉलीबॉल करायचा. स्पोर्ट्स स्कूलमध्ये गेल्यावर हॉकीच्या गोलमध्ये उभा राहिला. पुढे २०२१ साली टोकियोतच, जर्मनीविरुद्ध शेवटच्या सेकंदांचा पेनल्टी कॉर्नर अडवून त्याने ५-४ ने ब्राँझ वाचवलं. ४१ वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिम्पिक पदक मिळालं. दुसऱ्या खेळातून आलेलं पोरगं म्हणजे उशीर झालेलं पोरगं, असं धरून चालू नये, हे दोघांच्या आयुष्यातून दिसतं.

मेलबर्न १९५६ : नवख्यावर टाकलेला विश्वास

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर शंकर लक्ष्मण सर्व्हिसेसकडून खेळता खेळता भारतीय संघात आले. मेलबर्न ऑलिम्पिकच्या वेळी वय होतं २३. संघात रंगनाथन फ्रान्सिस हे दुसरे कीपर होते, आणि त्यांच्याकडे १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं आधीच होती. अनुभवाच्या तराजूत तोललं तर फ्रान्सिस यांचं पारडं जड.

त्या स्पर्धेत भारताने अफगाणिस्तानला १४-०, अमेरिकेला १६-० आणि सिंगापूरला ६-० हरवलं. सेमीफायनलला जर्मनीवर १-० असा विजय. फायनल पाकिस्तानशी. म्हणजे पहिल्या तीन मॅचमध्ये ३६ गोल, आणि खरी टक्कर आली तेव्हा दोन मॅचमध्ये दोन. फॉरवर्डची ताकद सोप्या मॅचमध्ये दिसली. बचावाची ताकद दिसायला जर्मनी आणि पाकिस्तान यावे लागले.

फायनलच्या वेळी कप्तान बलबीर सिंग बोटाच्या दुखापतीसह खेळत होते. भारताचा एकमेव गोल पेनल्टी कॉर्नरवर फुलबॅक रणधीर सिंग जेंटल यांनी केला. मागे शंकर लक्ष्मण. भारताने स्पर्धेत ३८ गोल केले आणि एकही गोल खाल्ला नाही. ऑलिम्पिकमधलं हे भारताचं लागोपाठ सहावं सुवर्ण.

त्यानंतर दोन वर्षांनी एशियन गेम्स, पुन्हा टोकियो. हॉकी त्यात पहिल्यांदाच होती. भारत-पाकिस्तान मॅच ०-० सुटली. दोघेही न हरता संपले, पण गोलांच्या सरासरीवर सुवर्ण पाकिस्तानला गेलं. बघा, बचावाने काम पुरतं केलं होतं. गोल खाल्ला नव्हता. तरी हातात रौप्य. मागे खेळणाऱ्याच्या नशिबी हेही असतं, आणि ते पचवता आलं पाहिजे.

रोम १९६० : एक गोल

१९२८ पासून ऑलिम्पिकमध्ये भारत हॉकीची एकही मॅच हरला नव्हता. रोमला लेस्ली क्लॉडियस यांच्या नेतृत्वाखाली संघ गेला. डेन्मार्कवर १०-०, नेदरलँड्सवर ४-१, न्यूझीलंडवर ३-०. मग ऑस्ट्रेलियाला १-० आणि ब्रिटनला १-० हरवून फायनल. अंतर कमी कमी होत चाललं होतं, हे आकड्यांवरूनच दिसतं. फॉरवर्डची धार बोथट होत होती आणि सगळं ओझं मागे येत होतं.

९ सप्टेंबर १९६०. पहिल्या हाफमध्ये पाकिस्तानच्या नसीर बुंदा यांनी गोल केला. भारताला तो फेडता आला नाही. ०-१. बत्तीस वर्षांची मालिका तुटली.

आपल्याकडे अशा वेळी काय होतं, हे सांगायला नको. हरलेल्या संघात दोष शोधायला लोक सगळ्यात आधी मागच्या माणसाकडे बघतात. सत्तर मिनिटांत पाच फॉरवर्डना एकही गोल करता आला नाही, ही गोष्ट चटकन कोणी काढत नाही. त्यातून दोन वर्षांनी जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये भारत पाकिस्तानकडून फायनल ०-२ हरला. लागोपाठ तीन मोठ्या स्पर्धा, तिन्हींत रौप्य.

शंकर लक्ष्मण तेव्हा २९ वर्षांचे. त्यांचा काळ संपला असं कोणी म्हटलं असतं तर त्यात फार नवल नव्हतं. तरुण खेळाडूची पारख करताना आपण बहुतेक वेळा त्याचा सगळ्यात चांगला दिवस बघतो. बचावातल्या माणसाचा मात्र वाईट दिवसानंतरचा दिवस बघायला हवा. गोल खाल्ल्यावर पुढच्या फटक्याला तो पुढे येतो की गोललाइनवर मागे सरकतो? बॉल मागतो की लपतो? पुढच्या मॅचला त्याचा आवाज ऐकू येतो का? या प्रश्नांची शंकर लक्ष्मण यांनी दिलेली उत्तरं टोकियोत दिसली.

टोकियो १९६४ : भिंत

१९६४ चा संघ चरणजित सिंग यांचा. मागे पृथ्वीपाल सिंग, धरम सिंग, गुरबक्ष सिंग असे दमदार बॅक. पृथ्वीपाल तर शॉर्ट कॉर्नरचे बादशहा. या संघात आपले बेळगावात जन्मलेले बंडू पाटीलही होते. म्हणजे त्या सुवर्णात बेळगावचा वाटा दुहेरी होता, एक गावाचा पोरगा आणि दुसरा मराठा पलटणीचा कीपर.

ही स्पर्धा मेलबर्नसारखी सोपी गेली नाही. बेल्जियमवर २-०, मग जर्मनी आणि स्पेनशी १-१ अशा बरोबरी. हाँगकाँग ६-०, मलेशिया ३-१, कॅनडा ३-०, नेदरलँड्स २-१. सेमीफायनलला ऑस्ट्रेलिया ३-१. आठ मॅचमध्ये पाच गोल खाल्ले, पण कुठल्याही एका मॅचमध्ये एकापेक्षा जास्त नाही. मागचा माणूस भरवशाचा असणं म्हणजे हेच. रोज चमत्कार दाखवायची गरज नाही, पण मॅच हातातून निसटू द्यायची नाही.

२३ ऑक्टोबरला फायनल. चार वर्षांपूर्वीचाच प्रतिस्पर्धी. दुसऱ्या हाफमध्ये भारताच्या शॉर्ट कॉर्नरवर बॉल गोलच्या तोंडाशी पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला आणि पेनल्टी स्ट्रोक मिळाला. मोहिंदर लाल यांनी तो गोलमध्ये घातला. १-०.

त्यानंतर पाकिस्तानने जे हल्ले चढवले, ते बघणारे लोक पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. शॉर्ट कॉर्नर आले, आडवे-तिडवे फटके आले, आणि शंकर लक्ष्मण यांनी ते एकामागून एक परतवले. त्यांची नजर इतकी बसली होती की हॉकीचा तो छोटा बॉल त्यांना फुटबॉलएवढा दिसत असावा, असं परदेशी जाणकारांनी त्यावर लिहिलं. कोदरियाच्या फुटबॉल कप्तानाला याहून चपखल दाद कोणती द्यायची!

सुवर्ण परत आलं. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, आणि १९६७ साली पद्मश्री.

गोलमधून नेतृत्व

१९६६ च्या डिसेंबरात बँकॉकला एशियन गेम्स होते. भारताने कप्तानपद दिलं शंकर लक्ष्मण यांना. हॉकीत भारताचं नेतृत्व करणारे ते पहिले गोलकीपर. त्या काळी कप्तान म्हटला की सेंटर फॉरवर्ड नाहीतर सेंटर हाफ, खेळाच्या मधोमध असलेला माणूस. शेवटच्या टोकाला उभा असलेला कीपर काय टीम चालवणार, असाच सगळ्यांचा समज.

खरं तर पूर्ण मैदान समोर दिसतं ते फक्त कीपरला. बाकी दहा जण कधी ना कधी कुठल्यातरी बाजूला पाठ करून असतात. कुठला हाफ जागा सोडून पुढे गेलाय, समोरचा विंगर कुठून आत घुसतोय, हे मागून आधी कळतं. म्हणून चांगल्या कीपरचा आवाज सतत चालू असतो. हे ओरडून सांगणं तरुण पोरांना सगळ्यात अवघड जातं, कारण स्वतःपेक्षा मोठ्या खेळाडूंना हुकूम सोडावे लागतात.

बँकॉकच्या फायनलला पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-०, आणि या वेळी सुवर्ण भारताचं. एशियन गेम्समधलं भारताचं हॉकीचं पहिलं सुवर्ण.

इथे थोडं थांबून हिशोब करू. १९५६ ते १९६६ या दहा वर्षांत ऑलिम्पिक आणि एशियन गेम्स मिळून भारत-पाकिस्तानच्या सहा निर्णायक लढती झाल्या. सहाही वेळा संघात शंकर लक्ष्मण होते. स्कोअर असे : १-०, ०-०, ०-१, ०-२, १-०, १-०. म्हणजे सहा लढतींत भारताने फक्त तीन गोल केले आणि तीनच खाल्ले. तरी पदकं आली तीन सुवर्ण आणि तीन रौप्य. ज्या तीन वेळा सुवर्ण मिळालं, त्या तिन्ही वेळा भारताने एकच गोल केला होता. मागे एक बॉल निसटला असता तर तीही गेली असती. गोल न होऊ देण्याची किंमत काय असते, ते हा हिशोब सांगतो.

१९६८ आणि त्यानंतर

मेक्सिको ऑलिम्पिकच्या संघात शंकर लक्ष्मण यांना जागा मिळाली नाही. वय ३५. संघ पृथ्वीपाल आणि गुरबक्ष अशा दोन कप्तानांसह गेला आणि ब्राँझ घेऊन आला. ऑलिम्पिकच्या फायनलला भारत नाही, असं १९२८ नंतर पहिल्यांदा घडलं. निवड झाली नाही तशी शंकर लक्ष्मण यांनी हॉकी सोडली.

ते पलटणीतच राहिले. १९७९ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. बँडमधला चौदा वर्षांचा पोरगा बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कॅप्टन होऊन महूला परतला.

त्या काळी हॉकीत पैसा नव्हता. आजच्यासारखी लीग नव्हती, लिलाव नव्हता, जाहिराती नव्हत्या. हॉकीवर घर चालवायचं म्हणजे सैन्य, पोलीस किंवा रेल्वे. खेळाने नोकरी मिळायची आणि नोकरीने खेळ चालायचा. पुढचं सगळं पेन्शनवर. म्हातारपणी आजारपण आलं तर त्याचा कोणी विचार केलेला नसे.

शंकर लक्ष्मण यांचं शेवट शेवटचं आयुष्य हलाखीत गेलं. ज्या पायांनी तीन ऑलिम्पिक फायनल सांभाळल्या, त्यातल्या एका पायाला गँगरीन झालं. २९ एप्रिल २००६ ला महूत ते वारले. वय ७२. दोन ऑलिम्पिक सुवर्ण, एक रौप्य, एशियन गेम्सचं एक सुवर्ण आणि दोन रौप्य, अर्जुन, पद्मश्री, एवढं सगळं नावावर असलेल्या माणसाला शेवटी उपचारांची ददात पडावी, ही गोष्ट वाचून ज्याच्या-त्याच्या मनात जे यायचं ते येतंच.

आपल्या पोरांसाठी यातून काय घ्यायचं

आपल्या भागात हॉकीची आवड जुनी आहे. बेळगावचा कॅम्प, महू, ग्वाल्हेर, हैदराबाद ही छावण्यांची गावं, आणि छावणीबरोबर हॉकी आली. आजही ट्रायलला पोरं येतात. त्यातली बहुतेकांना सेंटर फॉरवर्ड व्हायचं असतं. मागे उभं राहायला तयार असलेलं पोरगं सापडलं तर कोचने त्याला आधी धन्यवाद द्यावेत आणि मग नीट बघावं.

काय बघावं? शंकर लक्ष्मण यांच्या आयुष्यावरून चार गोष्टी तरी सांगता येतात. पहिली, त्याचे पाय. तोल, दोन्ही बाजूंना सरकणं, थांबणं. हे दुसऱ्या खेळातून आलेलं असलं तरी चालतं, उलट कधी कधी बरंच. दुसरी, घाई न करणं. बचावातला पोरगा पहिल्या हुलकावणीला बळी पडत असेल तर ते शिकवून सुधारता येतं, पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायची आपली तयारी हवी. तिसरी, चुकल्यानंतरचं वागणं. रोम आणि जकार्ता झाल्यावर जो टोकियोत तसा उभा राहतो, तो खरा. चौथी, आवाज. मागून टीमला सांगणारा पोरगा टीम सांभाळू शकतो.

उंची, वजन, वेग हे मोजता येतं म्हणून आपण ते मोजतो. त्याचा उपयोग आहेच. पण बचावातला खेळाडू उशिरा पिकतो, हे लक्षात ठेवलं पाहिजे. सतराव्या वर्षी जो मागे पडलेला वाटतो तो पंचविशीत भिंत होऊ शकतो. शंकर लक्ष्मण यांचा सगळ्यात मोठा दिवस आला तेव्हा ते ३१ वर्षांचे होते आणि कप्तान झाले तेव्हा ३३. सतराव्या वर्षी कोणी नापासाचा शिक्का मारला असता तर १९६४ चं सुवर्ण कोणाच्या हातून निसटलं, हे कळलंही नसतं.

आई-वडिलांचा प्रश्न वेगळा असतो : यातून पोराचं पुढे काय होणार? त्याचं उत्तर आज १९५६ पेक्षा बरं आहे. हॉकी इंडिया लीग २०१३ साली सुरू झाली, मधे बंद पडली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा चालू झाली. श्रीजेश निवृत्त झाला तेव्हा त्याची १६ नंबरची जर्सीही निवृत्त केली गेली आणि ज्युनियर संघाचा कोच म्हणून त्याला काम मिळालं. कीपरला असा मान मिळण्याचे दिवस आलेत. तरी लीगमध्ये जागा मोजक्यांनाच. म्हणून पोराला खेळू द्यावं आणि शिक्षणाचा, नोकरीचा रस्ताही मोकळा ठेवावा. खेळ संपल्यावरची तीस-चाळीस वर्षं कशी जाणार, याचा विचार खेळ चालू असतानाच करायला हवा. शंकर लक्ष्मण यांच्यासाठी तो कोणी केला नाही.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रावरून जाताना बँडचा आवाज कानावर पडला, तर तिथून निघालेला एक वादक भारताचा कप्तान झाला होता, एवढं बरोबरच्या पोराला जरूर सांगा. आणि पोरगा मागे खेळणारा असेल तर त्या सहा लढतींचे स्कोअरही सांगा. गोल न मारताही मॅच जिंकता येते, हे त्याला त्यातून कळेल.